बारा पाहुणे, एक तवा आणि भाजीला सुटलेलं पाणी

पर्वरीहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते :

"मावशी, लग्न होऊन पुण्याहून गोव्यात आले त्याला दोन वर्षं झाली. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी ११ वाजता आमच्याकडे १२ माणसं येणार आहेत. सासू-सासरे, नणंद-नंदोई आणि त्यांची दोन मुलं, शेजारचं जोडपं, नवऱ्याच्या ऑफिसातले चौघे. ऑफिसातली एक मुलगी जैन आहे. सगळं शिवराक, म्हणजे शाकाहारी, हवं. नाश्ता आणि जेवण एकत्रच, म्हणून भरपूर भाज्या घातलेली धिरडी करायची ठरवली आहेत. पण मे महिन्यात १० माणसांसाठी हेच केलं होतं आणि फार फजिती झाली. कोबी, गाजर, सिमला मिरची, कांदा, टोमॅटो सगळं घातलं. पहिली चार छान झाली, नंतर पीठ पातळ होत गेलं. धिरडी तव्याला चिकटायला लागली, मध्ये कच्ची राहिली. मी ११ पासून दीड वाजेपर्यंत गॅसपाशी उभी होते. सगळे खाऊन बाहेर गप्पा मारत बसले आणि मी शेवटचं मोडकं धिरडं ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं. इंटरनेटवरच्या पाककृतींत अंडं आणि बेकिंग पावडर असते. अंडं काढलं की बिघडतं का? मैत्रीण म्हणते, खायचा सोडा घाल. आणि खरं सांगू? मासे नसले की इथल्या माणसांना जेवल्यासारखं वाटत नाही, याचंही दडपण आहे."

अगं, तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही तुला एकेरीतच लिहिते. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "पहिली चार छान झाली, नंतर पीठ पातळ होत गेलं." पहिली चार छान झाली याचा अर्थ तुझं प्रमाण बरोबर होतं, तवा बरा होता आणि हातही चांगला आहे. जे बिघडलं ते नंतर, ओट्यावर ठेवलेल्या पिठाच्या पातेल्यात बिघडलं.

कोशिंबिरीला आपण मीठ कधी घालतो? वाढायच्या अगदी आधी. आधीच घातलं तर काकडी पाण्यात तरंगते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेच तुझ्या पातेल्यात घडलं. कोबीत १०० ग्रॅममागे ९२ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, टोमॅटोत ९४, काकडीत आणि दुधी भोपळ्यात ९५. गाजर कोरडं वाटतं, पण त्यातही ८८. चिरलेल्या भाजीला मीठ लागलं की हे पाणी बाहेर ओढलं जातं. तू मीठ घातलेल्या पिठात पाच भाज्या एकदम घातल्यास आणि ते पातेलं अडीच तास बाजूला राहिलं. भाज्या पिठातच पाणी सोडत बसल्या. मग पातळ झालं म्हणून तू वरून बेसन नाहीतर रवा भुरभुरला असशील. तसं केलं असशील तर धिरडी मध्ये कच्ची लागली त्याचं कारणही तिथेच आहे. ते नंतरचं पीठ भिजलंच नव्हतं.

फोंड्याला माझी आत्या होती. तवशाचे, म्हणजे पावसाळी मोठ्या काकडीचे, पोळे (तांदळाची धिरडी) करताना ती किसलेलं तवसं मुठीत घेऊन पितळेच्या तपेलीवर पिळायची. बोटांच्या फटींतून हिरवट पाणी तपेलीत पडायचं आणि मुठीत उरायचा तो लिंबाएवढा गोळा. ते पाणी तिने कधी मोरीत टाकलं नाही. तांदूळ वाटायला तेच पाणी. लहानपणी मला वाटायचं की ही काटकसर आहे. पुढे माझ्या हातची धिरडी फाटायला लागली तेव्हा त्या तपेलीचा अर्थ कळला. भाजीतलं पाणी भाजीच्या मर्जीने पिठात येऊ द्यायचं नाही. ते आधी काढून घ्यायचं, किती निघालं ते डोळ्यांनी बघायचं आणि मग आपल्या हाताने, हवं तेवढंच पिठात घालायचं.

तर तूही तसंच कर. भाज्या बारीक चिरून किंवा किसून परातीत घे, वर एक लहान चमचा मीठ चोळ आणि १५ ते २० मिनिटं विसरून जा. मग मूठमूठ घेऊन घट्ट पिळ. किसलेला कोबी असेल तर पातळ सुती फडक्यात बांधून पिळलेला बरा, मुठीत तो नीट पिळला जात नाही. निघालेलं पाणी भांड्यात राहू दे. त्यात मीठ आलेलं आहे हे लक्षात ठेव, म्हणजे पिठात मीठ घालताना हात आखडता घेशील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिळलेली भाजी सगळ्या पिठात एकदम घालू नकोस. पीठ एका पातेल्यात, भाजी दुसऱ्या परातीत. एका वाडग्यात दोन घाण्यांपुरतं पीठ काढ, त्यात तेवढीच भाजी मिसळ, ते संपलं की पुढचं. एवढं केलंस तर शेवटचं धिरडं पहिल्यासारखंच होईल.

टोमॅटो मात्र आतून नको. त्याच्या बिया आणि गर पिळून निघत नाहीत. हवाच असेल तर चटणीत घाल.

आता भाज्या कुठल्या? इथे मला तुला थोडं थांबवायचंय. पाच भाज्या कशाला? पाच घातल्या की एकीचीही चव लागत नाही, सगळ्याची मिळून एक ओली भाजी लागते. एका पोळ्यात एक मुख्य भाजी आणि सोबत फार तर एक. शिवाय पावसाळ्यात गोव्यात राहून कोबी-गाजराच्या मागे का लागायचं? कोबी, गाजर, सिमला मिरची बहुतेक बेळगावाहून येते. ती वाईट नसते, पण ती बारा महिने मिळते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा. आसपासच्या गावांतल्या बायका वाटे लावून बसलेल्या असतात. या दिवसांत त्यांच्यापुढे तवशी असतात, हातभर लांब सात शिरांची भेंडी असते, घोसाळी, पडवळं, तांबड्या भाजीच्या जुड्या असतात. तुझा बेत रविवारी, बाजार शुक्रवारी. तवसं, भोपळा दोन दिवस सहज टिकतात. तांबडी भाजी घेतलीस तर मुळं तशीच ठेवून ओल्या फडक्यात गुंडाळ.

बाजारात एक गोष्ट सांभाळ. तू पुण्याची, तू "दुधी द्या" म्हणशील आणि समोरची बाई तुला लाल भोपळ्याची फोड कापून देईल. ती चुकलेली नसते. इथे दुदी म्हणजे लाल भोपळा. तुला जो दुधी हवा आहे त्याला इथे कोंकण दुदी म्हणतात. पण लाल भोपळ्याची फोड हातात आलीच, तर परत करू नकोस. धिरड्यासाठी तो दुधीपेक्षा चांगला. किसला की फारसं पाणी सोडत नाही, तव्यावर त्याच्या कडा छान तांबूस होतात आणि मुलांना त्याची गोडसर चव आवडते.

तवसं आणि दुधी दोन्हींचा देठाकडचा तुकडा कापून आधी जिभेला लावून बघ. तवशाचा कडूपणा बहुतेक वेळा देठाशी आणि सालीत असतो, तेवढा भाग काढला की भागतं. दुधी कडू लागला तर मात्र तो पूर्ण टाकून दे, अर्धाही वापरू नकोस. कडू दुधीने माणसं खरोखर आजारी पडतात. आणखी एक, अळूची पानं चिरून कच्ची पिठात घालायचा मोह झाला तर आवर. अळू आंबटाबरोबर नीट शिजला नाही तर घसा खाजतो, आणि तव्यावरच्या पाच मिनिटांत तो शिजत नाही. आणि कुणी अळमी, म्हणजे रानातली अळंबी, आणून दिली, तर ती पिठात घालून वाया घालवू नकोस. तिची वेगळी भाजीच कर.

मी तुझ्या जागी असते तर दोनच प्रकार केले असते. एक बेसनाचा लाल भोपळा घालून, दुसरा तांदळाचा, तवशाचा.

बेसनाचं आधी सांगते, कारण त्यात तुझ्या अंड्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. परदेशी पद्धतीत मैदा असतो, म्हणून त्यांना जोडून धरायला आणि फुलायला अंडं लागतं. बेसनात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात आणि तव्याच्या उष्णतेने ती घट्ट होऊन भाजीला धरून ठेवतात. अंड्याचं काम बेसनच करतं. तू काहीही "काढत" नाहीस, आपल्या धिरड्यात ते कधी नव्हतंच. सोड्याचीही गरज नाही. त्यात तू हळद घालणार, आणि सोडा हळदीला भेटला की रंग तांबूस होतो, पाहुण्यांना उगाच वाटतं की काहीतरी जळलंय.

चार वाट्या बेसन घे, एक वाटी तांदळाचं पीठ. तांदळाच्या पिठाने कडा कुरकुरीत होतात. बारीक रवा दोन-तीन चमचे घातलास तर चांगलाच, पण कुणाला गहू चालत नसेल तर तो सोडून दे, फार बिघडत नाही. ओवा हातावर चोळून, हिंग, हळद, बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर. आधी भाजीचं निघालेलं पाणी घाल, मग लागेल तसं साधं पाणी. भोपळ्याचं पाणी कमी निघेल, त्याने घाबरू नकोस. पळीतून सोडल्यावर पीठ सलग पडलं पाहिजे, पण तव्यावर आपलं आपण धावता कामा नये. पळीच्या पाठीने पसरावं लागेल इतपत दाट. मग ते अर्धा तास झाकून ठेव. हा अर्धा तास चुकवू नकोस. बेसन आणि रवा पाणी पितात, पीठ आणखी दाट होतं, तेव्हा पुन्हा दोन चमचे पाणी लागेल. एक वाटी पिठाला एक ते सव्वा वाटी पिळलेली भाजी, त्याहून जास्त घातलीस तर धरणारं कुणी उरत नाही.

आता तवशाचे पोळे. इथे पाण्याशी भांडायचंच नाही, उलट त्यावरच सगळं चालतं. चार वाट्या सुरय तांदूळ, म्हणजे साधा, न उकडलेला. उकडा नको. तो चार-पाच तास भिजव. दोन मोठी तवशी सोलून, जून बिया काढून किसून घे, पिळून पाणी वेगळं ठेव. मिक्सरमध्ये तांदूळ, दोन वाट्या ओलं खोबरं आणि चार-पाच हिरव्या मिरच्या घाल आणि त्या तवशाच्या पाण्यातच वाट. साधं पाणी घालायची वेळ बहुधा येणारच नाही. अगदी गुळगुळीत वाटू नकोस, बारीक रव्यासारखं राहू दे. पिळलेलं तवसं शेवटी हाताने मिसळ. हे पीठ आंबवायचं नाही, वाटलं की फार वेळ ठेवायचं नाही. तव्यावर खोबरेल तेल सोडलंस तर घरभर जो वास सुटतो त्याने तुझे सासरे हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतील.

तव्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. बिडाचा तवा असेल तर उत्तम, नसेल तर जाड नॉनस्टिकवर भागव, पण त्या दिवसासाठी कोरा बिडाचा तवा विकत आणू नकोस. नवा तवा आठ-दहा वेळा तेल पिऊन, भाजून निघाल्याशिवाय सोडत नाही. तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं नुसता तापू दे. मग ओल्या बोटांनी चार थेंब शिंपड. थेंब तिथेच बसून बुडबुडे काढत राहिले तर तवा अजून गार आहे, आता पीठ घातलंस तर चिकटणार. चुर्र होऊन क्षणात उडून गेले तर बरोबर. आणि थेंब मोत्यांसारखे घरंगळत पळायला लागले तर तवा फार तापलाय, बाहेरून करपेल आणि आत कच्चं राहील. अशा वेळी अर्धी पळी पाणी शिंपडून फडक्याने पुसून घे, आच उतरव.

तेल लावायला सगळे अर्धा कांदा काट्याला टोचून वापरतात. तू वापरू नकोस. तुझ्या घरी कांदा न खाणारी पाहुणी आहे आणि कांद्याने पुसलेल्या तव्यावरचं तिला चालणार नाही, मग पिठात कांदा नसला तरी काय उपयोग? नारळाच्या सोडणाचा एक झुबका धुऊन, वाळवून घे आणि तेलात बुडवून त्याने तवा पूस. तेल पातळ आणि सारखं लागतं.

उलटायची घाई हे तुटण्याचं दुसरं कारण. पीठ पसरलं की वर झाकण ठेव, दोन मिनिटं. झाकण काढल्यावर वरची ओली चमक गेलेली दिसली पाहिजे. कडेने थेंबभर तेल सोड आणि उलथणं कडेखाली घालून बघ. कड आपणहून सुटत असेल तरच उलट. अडत असेल तर अर्धा मिनिट आणखी थांब. बळ लावायचंच नाही. दुसऱ्या बाजूला झाकण नको, नाहीतर कुरकुरीतपणा जातो.

एवढं सगळं जमलं तरी तू पुन्हा दीड वाजेपर्यंत गॅसपाशी उभी राहू शकतेस, म्हणून आता हिशेब. मे महिन्यात १० माणसं होती. माणशी तीन धर, म्हणजे ३० धिरडी. भाजी घातलेलं जाड, तवाभर धिरडं नीट व्हायला पाच मिनिटं लागतात. ३० गुणिले ५, १५० मिनिटं. अडीच तास. ११ ते दीड. तू मंद नव्हतीस, एका तव्यावर ते त्याहून लवकर होणं शक्यच नव्हतं.

म्हणून तवाभर करूच नकोस. तळहाताएवढी कर, मोठ्या तव्यावर एका वेळी चार मावतात. शेजारणीकडून दुसरा तवा माग, दोन शेगड्या पेटव, म्हणजे एका घाण्यात आठ. तुम्ही दोघं धरून १४ माणसं, माणशी चार-पाच लहान, म्हणजे ६४ धर. आठ घाणे. एका घाण्याला सहा मिनिटं धरली तरी साधारण पाऊण तासात सगळं. आणि यातलं अर्धं काम पाहुणे यायच्या आधी उरकता येतं. सव्वादहा ते पावणेअकरा या वेळात निम्मी धिरडी पूर्ण भाजून, दुसरी बाजू जरा फिकी ठेवून उतरव. ती जाळीवर किंवा सुपात एकेक सुटी पसर. डब्यात एकावर एक रचू नकोस, झाकणाला धरलेली वाफ खाली पडते आणि सगळी लिबलिबीत होतात. पाहुणे बसले की तव्यावर मिनिटभर टाकली, की ताजी. तवशाचे पोळे मात्र आयत्या वेळीच कर, ते गार झाले की घट्ट होतात.

आणि तवा स्वयंपाकघरातच कशाला? तुझ्याकडे इंडक्शनची शेगडी असेल तर आणि तिच्यावर चालणारा तवा असेल तर ती सरळ जेवणाच्या टेबलाच्या टोकाला मांड, मुलांचा हात पोचणार नाही अशी. नवऱ्याला एका तव्यावर उभं कर. त्याच्या ऑफिसातले चौघे आहेत, ते त्याच्याभोवती उभे राहून खातील आणि खुशीने खातील. नणंदेला विचार, तीही एक घाणा काढेल. दोन घाणे नवऱ्याचे, एक नणंदेचा, एक तुझा, असं फिरत राहिलं तर तुझंही ताट सगळ्यांबरोबर वाढलेलं असेल. हे मागायला संकोच वाटेल हे मला ठाऊक आहे, नव्या सुनेला वाटतोच. पण हे आदल्या दिवशी माग, त्या वेळी नव्हे. शनिवारी रात्री सहज म्हण, "उद्या दुसरा तवा तुम्ही सांभाळाल का?" आधी सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही. घाम पुसत, चिडून मागितलं की सगळ्यांनाच अपराधी वाटतं.

त्या जैन मुलीला आधीच फोन कर. कांदा, लसूण, बटाटा, गाजर चालत नाही एवढं आपल्याला माहीत असतं, आलंही बऱ्याच जणांना चालत नाही. पण श्रावण चातुर्मासात येतो आणि त्या दिवसांत अनेक जैन घरांत पालेभाज्याही खात नाहीत, काही ठिकाणी आदल्या दिवशीचं किंवा आंबवलेलं पीठ चालत नाही. म्हणूनच मी तुला न आंबवलेले पोळे सुचवले आणि म्हणूनच तांदूळ शनिवारी रात्री नको, रविवारी पहाटे भिजव. पहाटे पाचला भिजवलेस तर साडेनऊला वाटायला तयार. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून वाटण त्याहून मागे ढकलू नकोस. बेसनात कोथिंबीर घालतेस ती तिच्यासाठी चालेल का हेही विचारून घे, नाहीतर तिच्यापुरतं पीठ आधी वेगळं काढ. असं विचारलेलं माणसाला आवडतं. तिथे आल्यावर "हे मला चालत नाही" म्हणायची पाळी यावी, यापेक्षा ते शंभरपटीने बरं.

आता तुझं दडपण. मासे नसले की इथल्या माणसांना जेवल्यासारखं वाटत नाही, हे तू ऐकलंयस. इतर दिवशी ते काही अंशी खरंही आहे. पण श्रावण हा इथल्या हिंदू घरांत शिवराक खायचाच महिना. तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांच्या लहानपणी श्रावणातल्या रविवारी आयताराचं पूजन असायचं का आणि त्या दिवशी घरात काय काय शिजायचं. मग बघ त्या किती वेळ बोलतात ते. आणि सकाळी अकराचं खाणं हे काही शहरातून आलेलं नवं खूळ नाही. गोव्यात ती पेजेची वेळ. शेतावरून, बागायतीतून माणसं दहा-अकराला परतायची आणि उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठात मुरवलेलं तोर, म्हणजे कैरी, किंवा लोणच्याची फोड. तू जे करणार आहेस ते त्याच वेळेचं, जरा सणासुदीचं खाणं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी होते, त्यात मासळीची आठवणही कुणाला येत नाही.

त्या ताटातूनच तुझ्या बेताला लागणारी दुसरी गोष्ट घे. धिरड्यांबरोबर एक उसळ हवी, नाहीतर दोन वाजता मुलांना पुन्हा भूक लागते. काळे वाटाणे किंवा चवळी, खोबऱ्याच्या वाटणात. कांदा न घालता, भाजलेलं खोबरं, धणे आणि मिरी यांवरही ती चांगली होते. शनिवारी करून फ्रिजमध्ये ठेवलीस तरी चालेल, मुरते. फक्त त्या मुलीला आदल्या दिवशीचं चालत नसेल तर तिच्यासाठी रविवारी सकाळी कुकरला एक वाटीभर वेगळी लाव. ओल्या खोबऱ्याची चटणी, हिरवी मिरची आणि लिंबू घालून. मिळाली तर काणकोणकडची खोला मिरची आण आणि तिची लाल चटणी वेगळ्या वाटीत ठेव, रंग सुंदर येतो. शेवटी सोलकढी, लसणीशिवाय. बस. आणखी काही वाढवू नकोस. गोड हवंच असेल तर पाहुण्यांपैकी कुणीतरी आणतंच.

आणि एक राहिलं. कुठल्याही तव्यावर पहिलं धिरडं हे तवा बघण्यासाठी असतं. ते कधी जाड होतं, कधी जरा जास्त भाजतं. ते पाहुण्यांच्या ताटात घालू नकोस आणि बाजूलाही सारू नकोस. सव्वादहाला, दाराची घंटा वाजायच्या आधी, वर चटणी घालून, कपभर चहा घेऊन ते तू खा. बसून.